एकट्याने वाहायची पिशवी

पिशवी शिवायची तर अशी शिवायची, की माणसाला दुसऱ्या माणसाची गरजच पडता कामा नये! हे माझं तत्त्व. हसू नका, पुढे वाचा.

आमचा पाच जणांचा ग्रुप होता. सायकलने खाडीपर्यंत जायचं, तिथे हवा भरायच्या होड्या फुगवायच्या, सायकली त्यांवर आडव्या बांधायच्या आणि वल्हवत निघायचं. सामान वाटून घेतलेलं. कुणाकडे पंप, कुणाकडे स्टोव्ह. मग संघर्ष पुण्याला गेला, विपुल कॅनडाला गेला आणि उरलेल्या दोघांनी लग्न केलं, तेही एकमेकांशीच! आता ग्रुपवर "रविवारी कोण कोण?" असं मीच विचारतो आणि मीच वाचतो.

शेवटी ठरवलं, एकटा जाणार! मोरा बंदरापर्यंत सायकल, मग पाण्यात होडी, आणि होडीतून एक झकास फोटो ग्रुपवर. माझं कुणावाचून अडत नाही, हे त्या चौघांना दिसलंच पाहिजे. अडचण एकच. पाच जणांचं सामान एका पाठीवर मावायला हवं होतं.

आईच्या शिलाई मशीनवर बसलो. निळी ताडपत्री, भंगारातल्या गाडीच्या सीटचे पट्टे आणि मोडलेल्या सुयांचा ढीग! पिशवी वाढता वाढता सोफ्यावर चढली. समोरच्या वेणूमावशी डोकावल्या.

"सौरभ, गादी शिवतोस का रे?"

"पाठीवरची पिशवी आहे, मावशी."

"पिशवी? अरे, हिच्यात माझे दोन्ही जावई मावतील!"

मग ट्रायल. सगळं सामान भरलं. पिशवीला टेकून जमिनीवर बसलो, हात पट्ट्यांत घातले, छातीचं आणि कमरेचं बकल लावलं आणि ताडकन उठलो! म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात पाय वर गेले आणि डोळ्यांसमोर पंखा आला. बकल उघडेना. फोन पिशवीच्या वरच्या कप्प्यात, पाणी जाऊ नये म्हणून. पाणीच काय, माझा हातही जाईना! पाठीवर सरकत दारापर्यंत गेलो आणि आतून लाथा मारल्या. मी एकटाच राहतो, पण माझी एक चावी मावशींकडे असते, म्हणून वाचलो.

"अगं बाई! हे काय रे?"

"ट्रायल, मावशी."

"मेला असतास की ट्रायलमध्ये! लग्न कर म्हणते तर ऐकत नाहीस. निदान उचलायला तरी कुणी असतं."

मी लग्न केलं नाही. डायनिंग टेबल वापरलं! पिशवी टेबलावर ठेवायची, पाठ लावायची, पट्टे अडकवायचे आणि चालू पडायचं. टेबल तसंही रिकामंच असतं. मी टीव्हीसमोर जेवतो.

रविवारी निघालो. खांदेश्वरच्या सिग्नललाच रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, घर शिफ्ट करताय का?" मी मान ताठ ठेवली. तशीही ती दुसरीकडे वळत नव्हती. घामाने निथळत मोऱ्याला पोचलो, पिशवी धाडकन खाली टाकली आणि समोर पाहिलं.

पाणीच नव्हतं! ओहोटी! सुया, पट्टे, बकलं सगळं लक्षात राहिलं, पण भरतीची वेळ बघायची राहिली. लांबवर नुसता चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. फोटो कसला काढणार? गुपचूप परत जायचं ठरवलं, आणि तेव्हा लक्षात आलं, की धक्क्यावर डायनिंग टेबल नाही.

माणसं होती. "जरा हात लावता का?" एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याचं कुणावाचून अडत नाही, त्याने असं कसं म्हणायचं? मी धक्क्याच्या उतारावर बसलो, बकलं लावली आणि जोर केला. उतारावर शेवाळ होतं. पिशवी घसरली. मी पिशवीला बांधलेला! पाय आभाळात, पाठ पिशवीवर, असे आम्ही दोघं थेट चिखलात गेलो. पिशवीत एक थेंबही शिरला नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळा माझ्या तोंडात गेला.

"गो, यो बघ! मानूस हाय का कासव?"

धक्क्यावरच्या कोळणी पोट धरून हसत होत्या. त्यांतली एक पदर खोचून खाली उतरली. सरस्वतीबाई तिचं नाव. तिने आणखी दोघींना हाक मारली आणि तिघींनी मला ओढून वर काढलं.

"एकटाच आयलास?"

"हो."

"आनि बोचका एवरा?"

"जमेल असं वाटलं."

"हात लाव, असा बोलाचं व्हतं."

"सवय नाही, मावशी."

"आमी रोज बोलतंव. ये, मना हात लाव."

चिखलाच्या हातांनी मी तिची मासळीची पाटी धरली आणि दोघांनी मिळून ती तिच्या डोक्यावर चढवली. मग पाहिलं, तिथे कुणीच पाटी एकटीने उचलत नव्हती. हिने तिला हात लावायचा, तिने हिला. माझी पिशवीही दोघींनी उचलून धरली आणि मी उभ्याउभ्या हात घातले. खरं सांगू? "ये, जरा धर" असं मला कित्येक महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत डोळे पाणावत होते. चिखल गेला असेल.

पिशवी कापून निम्मी केली तर प्रश्न मिटतो, हे मलाही कळतं. नाही केली. पुढच्या रविवारी पुन्हा मोऱ्याला गेलो, पिशवी उतरवली, थोडं इकडे तिकडे फिरलो आणि सरस्वतीबाईंसमोर उभा राहिलो.

"मावशी, जरा हात लावता का?"

तिने पिशवी उचलली आणि थांबली. बाहेरून चाचपली. आत होडी असते, हे मी तिला गेल्या रविवारी सांगितलं होतं.

"होरी नाय ह्यान. काय भरलंस?"

"गहू."

"गहू? कनाला?"

"वजनाला... म्हणजे, दळायला द्यायचे होते."

"खांदेश्वरला गिरनी नाय?"

आता सगळा धक्का हसणार, म्हणून मी खाली बघत राहिलो. सरस्वतीबाईंनी पिशवी माझ्या पाठीवर चढवली आणि पट्टा नीट केला.

"पुरच्या रविवारी तांदूल आन," ती म्हणाली. "आमच्या घरी भाकर तांदलाची व्हते."