न्हाणीच्या दाराची फळी

आलापल्लीत राहून माणसाला लाकडाचा तुकडा मिळू नये, याला काय म्हणावं! गुणवंतराव लाकूड डेपोतले कारकून. दिवसभर सागवानाच्या थप्प्यांत वावरायचे, पण ओंडक्या-ओंडक्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का, आणि हे पडले पापभीरू. अंगणात दयाळ पक्षी गायला पाहिजे, त्यासाठी त्याला घरटं करायला लाकडी पेटी टांगायची, हे मात्र डोक्यात पक्कं. शेवटी त्यांनी घरच्याच न्हाणीच्या दाराची मधली फळी काढली.

रुखमाबाईंचा पारा चढला. लग्नानंतर जावई भैयाजी पहिल्यांदाच मुक्कामाला यायचे होते, आणि न्हाणीच्या दाराला हे भगदाड. पेटी जमली की नवी फळी लावतो, असं गुणवंतराव म्हणाले.

पण पेटी जमते कुठली? पेटीचं भोक मोठं झालं, त्यात साळुंकी घुसली. तिला हुसकून भोकावर पट्टी ठोकली, ती खारीनं कुरतडली. नवी पेटी करायला दाराची आणखी एक फळी गेली, तिच्यात लाल मुंग्या शिरल्या. तोवर घरात रिवाजच पडला की न्हाणीत शिरलेल्यानं, आत कोणी आहे हे कळावं म्हणून, बाहेर येईपर्यंत गात राहायचं. भजनं म्हणून म्हणून रुखमाबाईंचा घसा बसला.

"माह्या जवायानं काय गात गात आंघोळ करावी?" त्या बसक्या आवाजातच कडाडल्या.

जावई यायच्या दिवशी त्यांनी पेटी फोडली, फळ्या सुट्या केल्या आणि हातोडी घेऊन स्वतःच न्हाणीशी गेल्या. बघतात तर आत दिव्याच्या कोनाड्यात घरटं, आणि घरट्यात दयाळाची मादी. मेली भगदाडातूनच ये-जा करत होती. गुणवंतराव ओशाळून फळी उचलू लागले.

"ठेवा ते खाली. दार बुजवाल त अंड्यायपाशी कुठून जाईन ते?"

"आन् जवाई?"

"गातीन."

जावई गायले. जीव मुठीत धरून, बेसूर, आरतीमागून आरती. तेवढ्यात कौलावर नर दयाळानं शीळ घातली. ज्या शिळेपायी गुणवंतरावांनी इतकी बोलणी खाल्ली तीच ही, आणि आरतीच्या गोंगाटात धड ऐकूही येईना. ते दाराशी धावले.

"जवाईबापू, जरासे चूप राहा ना. आयकू द्या."

जावई बिचारे चूप झाले. दयाळ मोकळा सुटला. गुणवंतराव डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

स्वयंपाकघरात रुखमाबाईंना आरती थांबलेली कळली. आंघोळ आटोपली म्हणायची, असं समजून त्या पदर खोचत लगबगीनं आल्या आणि अंडी धड आहेत का ते बघायला न्हाणीत शिरल्या.