मामंजींची रिकामी चौकट

"घरात इंजिनिअर सून असताना बाहेरच्या माणसाचे पाय कशाला धरायचे, मामंजी? पाच मिनिटांचं काम आहे!"

गुलसायरा एवढं बोलली मात्र, मामंजींनी सगळी आळी जेवायला बोलावली. मेंढा कापला. वर सोंगकुल तळ्याकाठच्या कुरणावर पर्यटकांना राहायला त्यांचे युर्ट, म्हणजे लोकरीचे गोल तंबू, होते, फिरायला घोडे होते. नव्हती फक्त वेबसाइट. शेजारच्या सागिनबायची मात्र होती, पुतण्याने बनवलेली, आणि तो ती सुनेच्या हातच्या लोणच्यासारखी येईल त्याला चाखवत असे!

"जमलं नाही तर सागिनबायच्या पुतण्याला सांगीन," मामंजींनी बजावलं होतं. म्हणजे बिश्केकमधली नोकरी, पदवी आणि सूनपण, तिन्हींची परीक्षा एकाच दिवशी!

गुलसायराने आपल्या लॅपटॉपवर पान बनवलं. फोटोंच्या फाइलींना इंग्रजी अक्षरांत नावं दिली. घोडे, तळं, युर्ट, कुत्रा, सगळी लहान अक्षरांत. मामंजींच्या फोटोपाशी मात्र तिचा हात थबकला. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं. बोटांना बंदी नव्हती, पण बोटांनाही रीतभात असते! तिने पहिलं अक्षर कॅपिटल केलं. पुढे पानात त्या फाइलीचं तेच नाव लिहिताना धंद्याची सवय आडवी आली आणि सगळं लहान अक्षरांत उतरलं. लॅपटॉपला दोन्ही सारखंच. फोटो झकास दिसला. तिने सगळं ऑफिसच्या सर्व्हरवर चढवलं.

आळी जेवायला बसली. मेंढ्याचं मानाचं डोकं मामंजींच्या पुढ्यात आलं. टीव्हीवर वेबसाइट उघडली. घोडे आले! तळं आलं! युर्ट आले! कुत्रा तर जीभ बाहेर काढून आला! आणि 'आमचे संस्थापक' या ओळीवर एक रिकामी चौकट.

"दादा, तुम्ही कुठे दिसत नाही?" सागिनबायने गोड आवाजात विचारलं. "कुत्रा छान आलाय हो!"

तेवढ्यात फोन वाजला. ओशहून मामंजींची चुलतबहीण हुंदके देत होती. "वेबसाइटवर रिकामी चौकट पाहिली गं! कधी गेला माझा भाऊ?"

"अहो आत्याबाई, ते जेवताहेत!"

"शेवटचं जेवण?"

गुलसायराने फोन सासूबाईंच्या हातात कोंबला आणि स्वतःच्या फोनवरून ऑफिसातल्या व्हिक्टरला गाठलं. सर्व्हर त्याच्या ताब्यात होता.

"एक फोटो दिसत नाहीये रे, बघ ना!"

"फाइलचं नाव?"

खोलीत नणंद होती, सासू होती, सगळी आळी कान टवकारून होती. "नाव... मला घेता येत नाही."

"का? गुप्त आहे?"

"अरे, घोड्याच्या नालेचा धातू असतो ना, तो. आणि पुढे... सिंहासनावर बसतो तो!"

व्हिक्टरने यादी चाळली. "लोखंडराजा? अशी फाइल नाही."

"उखाणे काय घालतेस!" मामंजींनी फोन हिसकावला. "तेमिर म्हणजे लोखंड, कान म्हणजे राजा. तेमिरकान! मीच तो! आणि मी जिवंत आहे!"

"सापडलात!" पलीकडून आवाज आला. "फाइलवर तुमचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, पानात लहान. सर्व्हरला वाटतं ही दोन वेगळी माणसं. फाइलवरचं नाव लहान करा, झालं!"

मामंजींनी सुनेकडे पाहिलं. "लहान? कुत्र्यासारखं?"

"छे छे, मामंजी! तुम्हाला कोण लहान करणार? पानातलं मोठं करते. पाच मिनिटांचं काम!"

सागिनबाय गालात हसला. त्या हसण्याने गुलसायराच्या कानांतून धूर निघाला! एकेक नाव शोधत बसायला सवड कोणाला? तिने यंत्राला फर्मान सोडलं: पानातल्या प्रत्येक फोटोच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल! लॅपटॉपवर पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. त्या बिचाऱ्याला लहानमोठं कळतच नव्हतं, आणि हे तिला आत्ताच समजलं होतं, पण घाईत समजलेलं टिकत नाही.

"झालं!" तिने ऐटीत जाहीर केलं आणि पान पुन्हा चढवलं.

टीव्हीवर घोडे गेले. तळं गेलं. युर्ट उडाले. कुत्राही जिभेसकट नाहीसा झाला! त्यांच्या फाइली अजून लहान अक्षरांतच होत्या ना! रिकाम्या चौकटींच्या मधोमध, उंच पांढरी टोपी घातलेले, छाती पुढे काढलेले मामंजी तेवढे उरले.

गुलसायराने डोळे मिटून घेतले. आता सागिनबायचा पुतण्या!

"सूनबाई," मामंजी सावकाश म्हणाले, "हे झकास झालं!"

"मामंजी, बाकीचं आत्ता आणते..."

"हात लावायचा नाही!" त्यांनी मेंढ्याचा कान कापून मानाने तिच्या ताटात ठेवला. "सागिनबाय, तुझ्या वेबसाइटवर तू एवढा दिसतोस का रे?"

सागिनबायचं हसू मावळलं. परीक्षेत गुलसायरा पहिली आली. व्हिक्टरला तिने कळवलं, "सुटला प्रश्न!" आणि फोन बंद करून टाकला.

आठवड्याने परदेशातून पहिली चौकशी आली. गुलसायराने ती घरच्यांना मोठ्यांदा वाचून दाखवली.

"आजोबा आवडले. झोपायचं कुठे?"