दीपमालाबाईंचे रुंद टायर

"टायर म्हंजे गाडीचा पाय. अन् पाय कसा पाहिजे? हत्तीसारखा! तू हे बगळ्याचे घेऊन राहिला!"

टायरच्या दुकानात दीपमालाबाईंना कोणी खुर्ची दिली नव्हती, म्हणून त्या उभ्यानेच निकाल देत होत्या. समोर त्यांचा मुलगा शुभंकर मान खाली घालून उभा होता. गाडीचे जुने टायर टकलासारखे गुळगुळीत झाले होते आणि रविवारी त्याच गाडीने अमरावतीहून अकोल्याला शुभंकरसाठी मुलगी पाहायला जायचे होते. शुभंकरला पहिल्याच मापाचे टायर हवे होते. आईच्या डोळ्यांत शेजारचे रुंद टायर भरले होते.

"काकी, मेरी सुनो," दुकानदार रहमतुल्लाभाई म्हणाले, "गाडीसोबत जे माप आलं तेच घ्या. हे रुंदवाले गाडी भरली की आतून घासतीन."

"भाऊ, आमच्या माहेरी तिवस्याले बैलबंडी होती. बारीक चाकाची होती तवा दर पावसाळ्यात वावरात रुतून बसे. रुंद रबरी चाकं लावली, अन् पुन्हा बैलाले शिवी द्यायची पाळी नाही आली."

"आई, आपल्याले वावरातून नाही जायचं. हायवे आहे."

"हायवे काय आभाळात बांधला? खाली काळी मातीच आहे ना!"

शुभंकरने भाईंकडे पाहिले. भाईंनी शेवटचा उपाय म्हणून सांगितले, की हा टायर रुंद आहे तसा बुटकाही आहे, गाडी जराशी खाली बसेल. ते ऐकून तर दीपमालाबाईंचा चेहराच उजळला. "मंग त लयच झ्याक! माह्ये गुडघे दुखतात. चढाले सोपं."

भाईंनी मुकाट्याने जॅक लावला.

खरी धास्ती टायरची नव्हतीच. पोरगा नोकरीवाला, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, तरी त्याच्या दोन सोयरिकी जमता जमता मोडल्या होत्या. अंजनगाव सुर्जीच्या घरी पाय ठेवल्या ठेवल्या दीपमालाबाईंनी विचारले होते, "भिंतीची ओल पाहुण्याले दाखवाले ठेवली का?" दुसरीकडे मुलीच्या आत्याला म्हणाल्या होत्या, "पोरीची उंची सँडलसकट सांगतली का सँडल काढून?" खरे तेच बोललो, त्यात काय चुकले, हे त्यांना आजवर कोणी पटवून देऊ शकले नव्हते. अकोल्याच्या प्रणालीशी मात्र शुभंकर फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता एकटाच हसायला लागला होता. ही सोयरीक मोडली तर पोरगा हसणेच सोडेल, हे दीपमालाबाईंनाही कळत होते.

रविवारी निघताना माणसे मोजली. शुभंकर, त्याचे वडील बापूसाहेब आणि दीपमालाबाई. तिघांनी शुभकामाला निघू नये. म्हणून चौथे आले सूर्यभानमामा, दीपमालाबाईंचे सख्खे भाऊ आणि या सोयरिकीचे मध्यस्थ. मामांच्या देहाविषयी एवढेच सांगणे पुरे, की ते मागच्या सीटवर बसले तेव्हा पलीकडच्या दीपमालाबाई वर उचलल्या गेल्या, आणि त्यांना उचलणे सोपे काम नव्हते.

"शुभंकरची आई," पुढून बापूसाहेब हळूच म्हणाले, "आज तिथं जरा कमी बोलशीन का?"

"मी बोलतेच कवा?"

बडनेऱ्याच्या गतिरोधकावर गाडीच्या पोटातून आवाज आला. खर्रर्र.

"आई, टायर घासून राहिला."

"नवा आहे म्हून. नवी चप्पल चावत नाही का?"

पुढे साध्या उंचवट्यावरही खर्रर्र व्हायला लागले. मूर्तिजापूर आले तोवर गाडीत जळक्या रबराचा वास भरला. शुभंकरने गाडी बाजूला घेऊन वाकून पाहिले. मागची दोन्ही चाके वरच्या पत्र्याला टेकली होती. "असंच गेलो त टायर फाटन. वजन कमी करा लागते. अन् प्रणालीच्या आजोबानं बारा वाजायच्या आत या म्हून सांगतलं आहे. वेळेचे लय कडक आहे ते."

बापूसाहेब लगेच उतरले. गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही.

"सरका, तुमाले काय समजते!" म्हणत चाक पाहायला दीपमालाबाई स्वतः उतरल्या. आणि गाडीने सुटकेचा श्वास सोडल्यासारखी मागची बाजू वर उचलली. टायर पत्र्यापासून मोकळा झाला. सगळ्यांनी ते पाहिले. 

"सूर्या, तू उतर," दीपमालाबाई म्हणाल्या.

"ताई, मी मध्यस्थ. घर मले ठाऊक. माह्याबिगर तिथं या दोघायले वळखते कोण?"

"म्हंजे मी उतरू? मंग राहिले किती? तीन! तिघं जातीन शुभकामाले?"

 शुभंकरने घड्याळाकडे पाहिले. त्याचा तो उतरलेला चेहरा दीपमालाबाईंना पाहवला नाही. त्यांनी रस्त्याच्या कडेचा एक चांगला गोल दगड उचलला आणि आपल्या सीटवर नेऊन ठेवला. तिघे निघाले की चौथा दगड घेतात, ही त्यांच्या सासूची शिकवण. "याले माह्या जागी समजा. जा आता. मी यष्टीनं येते."

बापूसाहेबांनी त्या दगडाकडे फार मायेने पाहिले.

दीपमालाबाई बसने अकोल्याला आणि ऑटोने मुलीच्या दारात पोचल्या, तेव्हा आतून हसण्याचे आवाज येत होते. पाहतात तर आजोबा पंचांग उघडून तारखा काढत बसलेले, मामा दुसरी बशी संपवत असलेले. मुलीचे वडील हात जोडून धावत आले.

"या, विहीणबाई! बापूसाहेबांनी समदं सांगतलं. वेळ टळू नये म्हून तुमी सोता उतरल्या, पोराले पुढं धाडलं. खोटं कायले बोलू, तुमच्याबद्दल आमी काहीबाही ऐकलं होतं. पन अशी माय कुठं भेटते!"

'काहीबाही' कोणी सांगितले हा प्रश्न दीपमालाबाईंच्या दातांपर्यंत आला. बापूसाहेब छताच्या पंख्याकडे पाहत होते. शुभंकर आईकडे पाहत होता. दीपमालाबाईंनी तो प्रश्न गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळत होत्या, त्यामुळे जरा ठसका लागला.

"पोरासाठी एवढं करा लागते," त्या नम्रपणे म्हणाल्या.

प्रणालीने त्यांच्यासाठी पोहे आणले, आणि सासूबाई आल्याशिवाय खायचे नाही म्हणून ती थांबली होती, तेव्हा आता स्वतःचीही बशी घेऊन शेजारी बसली. दीपमालाबाईंनी घास घेतला. पोह्यांत मिठाचा कणही नव्हता. अमरावतीच्या तिघांनी श्वास रोखला. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसराही घेतला.

प्रणालीने पहिला घास तोंडात घातला आणि बशी आपटून खाली ठेवली.

"बाप्पा! मीठच नाही याच्यात! अन् तुमी समदे गपागप खाऊन राहिले? मामा, तुमी त दोनदा घेतले! सासूबाई, तुमाले बी तोंड नाही का? चूक झाली त सांगा लागते नं, असं गुपचूप बसून घर चालते का?"

मुलीचे वडील कपाळाला हात लावून बसले. बापूसाहेबांनी मामांकडे पाहिले, मामांनी आजोबांकडे, आजोबांनी पंचांगात तोंड लपवले. शुभंकर तेवढा एकटाच हसत होता.

दीपमालाबाईंनी बशी बाजूला सारली, पदर सावरला आणि ताठ बसल्या.

"भाऊ," त्या मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगी पसंत आहे. कुंकू आणा, अन् पह्यले मीठ आणा."