वाफेतला जावई

माणसाची खरी पारख पाण्यातच होते, असे बार्नाबाशकाकांचे ठाम मत होते. सूट घालून जेवायला आलेला कोणीही शोभतो. पण बुडापेस्टच्या जानेवारीत, डोक्यावर बर्फ आणि गळ्यापर्यंत कढत पाणी घेऊन बुद्धिबळ खेळताना सोंग टिकत नाही. म्हणून लेकीने, एमोकेने पसंत केलेल्या बोतोंदला त्यांनी घरी न बोलावता जुन्या स्नानगृहाच्या उघड्या कुंडात, आपल्या नेहमीच्या पटापाशी बोलावले होते. त्याला त्यांनी अजून पाहिलेही नव्हते.

चष्मा कपड्यांपाशीच राहिला होता. वाफेत तो असून नसून सारखाच. समोर एक रुंद खांद्यांची आकृती "बसू का?" म्हणत बसली, आणि डाव सुरू झाला.

"काम काय करतोस?"

"ट्राम दुरुस्त करतो, काका."

"पितोस?"

"सणावारी."

"स्वयंपाक?"

"सूप बरं जमतं."

काका लोण्यासारखे विरघळले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "काका, घोडा नका हलवू. वजीर जाईल."

"बघ्याने बघावं," काका न वळताच म्हणाले.

"पण ऐका तरी, मी..."

"तोंड बंद."

घोडा हलला आणि वजीर गेला.

"बघितलंस?" काका समोरच्याला म्हणाले. "असल्या चोंबड्यांना घरात घेऊ नये. तू बरा, गप्प खेळतोस. माझा होकार समज. वसंतात लग्न उरकू."

"कोणाचं?"

"तुझं."

"माझं झालंय, काका. दोन मुलं आहेत. बायको तिकडे पोहतेय, तिला विचारून येऊ का?"

काकांचे कान लाल झाले. दोष त्यांनी पाण्याला दिला.

"मग बोतोंद कुठाय?"

"इथे," पाठीमागचा आवाज हळूच म्हणाला. "मघापासून तेच सांगतोय."

काका वळले. वाफेत एक बारीक मान आणि ओली लोकरी टोपी दिसली. साऱ्या कुंडादेखत आपण याला नाकारले. आता लेकीला तोंड कसे दाखवायचे? पायरीवर सरकून त्यांनी जागा केली.

"ये, बस. वाचव आता मला."

बोतोंदने पट नीट पाहिला. "नाही वाचत. हरलात तुम्ही."

"बरं. लग्न वसंतातच. पण एमोकेला सांग, डाव बरोबरीत सुटला."

"तेवढं नाही जमायचं, काका."

काका हनुवटीपर्यंत पाण्यात उतरले. जावई पारखून घेतला होता खरा. आता तो जन्मभर सोसायचा होता.