झालं तर?

आमचे खांबेटे काका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?" सिंगापूरमधल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटला दार एकच. पहिल्या भेटीत मी ते बोटाने दाखवलं. काका दारासमोरच्या खुर्चीत बसले, तेही चपला पायात ठेवून. म्हणाले, "पळताना शोधायला नकोत."

काका आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. तुआसच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं सेफ्टी ऑफिसरची नोकरी केली. लग्न केलं नाही, कारण म्हणे "रिस्क असेसमेंट पुरं होईना." रिटायर झाल्यापासून आमचा ब्लॉक हाच त्यांचा कारखाना. माझ्या गॅसजवळची तेलाची बाटली ते हलवतात, कठड्यावरच्या कुंड्या खाली ठेवतात. मी "काही होत नाही हो काका" म्हटलं की मान तिरकी करून विचारतात, "झालं तर?"

या "झालं तर?"ने मी इतकी वैतागले होते, की त्यांची बेल वाजली की टीव्ही बंद करून घरात नसल्यासारखी गप्प बसायचे. मग माझ्या रेवाने आइस हॉकी धरली आणि दिवसातून दहा वेळा तेच शब्द माझ्याच तोंडून निघायला लागले.

आता तुम्हीच सांगा. बाहेर घामाच्या धारा लागल्यात आणि आमची पंधरा वर्षांची कार्टी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर बर्फावर उभी! तीही गोलकीपर. पक म्हणजे टणक रबराची चकती. ती सणसणत अंगावर येते आणि हिने ती चुकवायची नाही, अंगावर घ्यायची. ह्याला काय खेळ म्हणायचं?

यंदा इथे मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. रेवा राखीव होती, म्हणून मी निवांत होते. आणि नेमका ब्राँझच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मुख्य गोलकीपरचा पाय मुरगळला. समोरच्या संघाने आधीच्या सामन्यात आमच्या मुलींना नऊ गोल मारले होते.

"उद्या लागलं-बिगलं तर हॉकी बंद," मी रेवाला बजावलं. "किट विकून टाकीन."

"ओके, मम्मा," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. माझं मलाच वाईट वाटलं, पण शब्द काही मी मागे घेतला नाही.

सकाळी बेल वाजली. काका.

"मीठ-मोहऱ्या आहेत का घरात?"

"कशाला?"

"रेवाची दृष्ट काढायचीय."

मला हसूच फुटलं. "तुम्ही? सेफ्टी ऑफिसर?"

"हेल्मेट पकसाठी असतं. नजरेला कुठलं हेल्मेट?" काका गंभीरपणे म्हणाले. मी मुकाट्याने एका पुडीत मीठ, मोहऱ्या आणि दोन सुक्या मिरच्या बांधून दिल्या. खोटं कशाला बोलू, तेवढाच धीर मलाही आला.

त्या स्पर्धेत काका स्वयंसेवक होते. बर्फाच्या रिंकच्या कठड्याची उंची रोज मोजून ते आयोजकांना इतके भंडावून सोडायचे, की शेवटी त्यांनी काकांना खेळाडूंच्या बाकाशेजारचं दार उघडायचं काम दिलं. काका कानटोपी, चमकणारं जाकीट आणि कारखान्यातले जाड हातमोजे घालून तिथे उभे असत.

सामना सुरू होण्याआधी त्यांनी रेवाला दाराशी थांबवलं. ती बर्फावर, काका दारात. अर्धी पुडी मुठीत घेऊन ते तिच्याभोवती हात फिरवू लागले. "आल्यागेल्याची, भुताखेताची, शेजारणीपाजारणीची..." शेजारणीला त्यांनी बाकामागच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडेच पाहिलं! तेवढ्यात जाड हातमोज्यातली मूठ सुटली आणि सगळं बर्फावर.

मोहऱ्या दिसत तरी होत्या. पांढऱ्या बर्फावर पांढरं मीठ कुणाला दिसणार? ते गुपचूप बर्फ खात बसलं. रेफ्री वाकून बघेपर्यंत दारासमोर खळगे पडले होते.

"व्हॉट इज धिस?" रेफ्रीबाईने विचारलं.

"सेफ्टी प्रोसिजर," काका म्हणाले, आणि क्षणात त्यांचा चेहरा पडला. खिशातून पिवळी पट्टी काढून त्यांनी स्वतःच ती जागा बंद केली आणि स्वतःविरुद्ध तक्रार लिहून रेफ्रीच्या हातात दिली. खळगे बुजवण्यात वीस मिनिटं गेली. काकांची रवानगी वर, माझ्या शेजारी झाली.

"अर्धवट राहिली हो," ते पुटपुटत होते. "अर्धवट दृष्ट म्हणजे न काढल्यापेक्षा वाईट. काय केलं मी हे!"

आमच्या मुली जीव तोडून खेळल्या. एक गोल आम्ही केला, दोन आमच्यावर झाले. शेवटच्या मिनिटाला एक फटका रेवाच्या गळ्याखाली बसला आणि ती आडवी झाली. मी खुर्चीतून उठलेच. काकांनी माझा हात गच्च धरला. "उठ, बाळा," ते म्हणत होते, "उठ गं."

रेवाने पकवरचा हातमोजा उचलून दाखवला. खाली पक होता; गोल तिने अडवला होता. मग ती उठली.

सामना दोन-एकने गेला, ब्राँझ हुकलं. तरी मुली नाचत होत्या, नऊ गोल मारणाऱ्यांना त्यांनी दोनवर रोखलं होतं. रेवा बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्याखाली भलामोठा काळानिळा डाग होता. तिने घाबरतच विचारलं, "किट?"

"आधी धुवायला टाक," मी म्हटलं. "वास मारतोय." आणि मी रडायलाच लागले.

काका लांब उभे होते, गुन्हेगारासारखे. उरलेली पुडी पुढे करून म्हणाले, "परवानगी असेल तर पुरी करतो. इथे फरशी आहे."

रेवाने पुडी त्यांच्या हातून घेतली. "अंकल, यू स्टँड स्टिल लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि मूठ वळून त्यांच्याभोवतीच फिरवायला लागली. "आल्यागेल्याची... व्हॉट नेक्स्ट, मम्मा?"

"अगं, माझी कसली काढतेस?" काका मागे सरकले. "आई गेल्यापासून माझी कुणी काढली नाही. मला काय होणारेय?"

रेवाने मान तिरकी केली, अगदी त्यांच्यासारखी.

"झालं तर?"

काकांनी हळूच कानटोपी काढली आणि हात सरळ सोडून तिच्यासमोर निमूट उभे राहिले.