मारोतरावमामांचा मेलेला दात

९ मार्च १९५७. सकाळी मी अंगणात राखुंडी कुटत बसले होते. गोवऱ्यांची राख, बाभळीच्या सालीची पूड, मीठ आणि थोडी तुरटी. वर्षाची राखुंडी मी होळीच्या आधीच करून ठेवते. नंतर उन्हाळी कामं अंगावर येतात आणि घरातली माणसं चुलीतल्या कोळशानं दात घासायला लागतात. अर्धी पूड वस्त्रगाळ झाली असेल, तेवढ्यात शेजारचे मारोतरावमामा आत आले आणि माझ्या तोंडाकडे न बघता ओट्यावर बसले.

हे नवल होतं. मारोतरावमामा कुणाच्या डोळ्यांत बघत नसत, दातांत बघत. पाथरीच्या बाजारात त्यांची बैलांची दलाली; अशा दलालाला आमच्याकडे हेडी म्हणतात. बैलाचं वय दातांवरून कळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की बैल जुळला. जुळला की त्याची किंमत उतरायला लागते. मामांनी हाच हिशेब माणसांना लावला होता. ओळखीचा कुणीही भेटला की रामराम नंतर; आधी, "तोंड उघडा, बगू."

लोक उघडायचे. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार? तहसीलमध्ये नवीन कारकून आला तेव्हा मामांनी त्याच्या वरच्या ओठाला अंगठा लावून निकाल दिला, "चार दाती हाय. रग हाय अजून, पण शिकवला तर शिकंल." माझ्या यजमानांना ते माझ्यासमोर म्हणाले होते, "मास्तर, तुमी जुळलाव आता." यजमान दोन दिवस आरशासमोर उभे होते. माझ्या मुलीला परभणीचं स्थळ आलं तेव्हा सगळे पत्रिका बघत होते आणि मामा मुलाचं तोंड. "पोरगं गुणाचं हाय. पर डावी दाढ किडलीया. गोड लय खातंय." लग्नानंतर जावई दाढ धरून बसले, तेव्हा मला मामांची आठवण झाली आणि थोडा रागही आला. एवढं खरं बोलायची काही गरज नसते.

दुखऱ्या दातावर त्यांचा सल्ला एकच. "उपटून टाका. मेल्याला घरात कोण ठिवतंय?" गावातले निम्मे लोक त्यांच्या सांगण्यावरून बाजारातल्या दात काढणाऱ्यापुढे बसून आले होते. माझीही एक दाढ त्यात गेली.

तर असा हा माणूस त्या सकाळी गालावरून डोक्यावर दस्ती बांधून बसला होता. वरचा ओठ सुजून भज्यासारखा झालेला.

"काय झालं, मामा?"

"दात."

"कुठला?"

त्यांनी ओठ थोडा उचलला. पुढचा, मधलाच. तो दात काळा होता हे मला माहीत होतं. कधीतरी बैलाचं शिंग लागलं होतं त्याला. आता त्याच्या वर हिरडीला गळवासारखा फुगवटा आला होता.

"हा तर मेलेलाच आहे," मी म्हणाले. "आज बाजार आहे. उपटून टाका. मेल्याला घरात कोण ठेवतंय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मुसळ माझ्या हातातच राहिलं.

"न्हाई उपटायचा," ते म्हणाले. "परभणीला टेसनाजवळ दाताचा डाक्टर आलाय म्हनं. दात न काडता दुरुस्त करतो. तुमी चला संगं. पाट्या सगळ्या आता मराठीत करून ठिवल्यात. मला निजामाच्या शाळेनं उर्दूच तेवढं शिकवलं."

मला लेकीकडे जायचंच होतं, राखुंडीचा एक डबा तिलाही द्यायचा होता. पण खरं सांगायचं तर मी निघाले ते कुतूहलापोटी. ज्या माणसानं अख्ख्या गावाचे दात उपटायला लावले, तो स्वतःचा मेलेला दात वाचवायला मोटारीचे धक्के खात परभणीला का जातो?

मोटारीत मी दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, "दुखायलंय, बोलवत न्हाई." दुसऱ्यांदा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मानवत गाव आलं."

डॉक्टर तरुण होता, हैदराबादेत शिकून आलेला. खुर्ची चकचकीत, शेजारी पायानं चालवायचं यंत्र, अगदी शिंप्याच्या मशीनसारखं. मामांनी खुर्ची बघितली, यंत्र बघितलं आणि उभ्या उभ्याच डॉक्टरला म्हणाले, "आधी तुमी तोंड उघडा, बगू."

डॉक्टरनं बिचाऱ्यानं उघडलं.

"सहा दाती," मामा मला म्हणाले. "चालंल."

मग त्यांनी गालाची दस्ती सोडली, डॉक्टरचा उजवा हात धरला आणि त्यावर ती पांघरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं दाबून बोलणी होतात, बाजूच्या माणसाला पत्ता लागत नाही. मामांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. पण हैदराबादच्या कॉलेजात हे कुठून शिकवणार? डॉक्टरला वाटलं, म्हातारा घाबरला आहे. त्यानं दस्तीखाली मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि प्रेमानं म्हणाला, "डरू नका, मामा. मी आहे ना."

मामा गोंधळले. त्यांनी पुन्हा दोन बोटं दाबली. डॉक्टरनं आणखी घट्ट धरलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी मामाच खुर्चीत बसले आणि मला हळूच म्हणाले, "लय तयारीचा हाय. भाव फोडंना."

दाताचं काम मी जवळून पाहिलं. डॉक्टरनं आधी बाहेर बसायला सांगितलं होतं. मी म्हणाले, मला चक्कर येत नाही, मला बघायचं आहे. त्यानं मग नीट समजावून सांगितलं. दात वरून मेलेला असला तरी त्याचं मूळ हाडात घट्ट आहे. मुळाच्या आत केसाएवढी नळी असते, तिच्यात नस असते. मार लागला तेव्हा ती नस मेली, इतकी वर्षं आत कुजत राहिली आणि आता पू झाला. दात उपटायचा नाही. मागून भोक पाडायचं, नळी साफ करायची, औषध ठेवायचं, आणि आतून कोरडी झाली की भरून बंद करून टाकायची.

"म्हणजे विहिरीचा गाळ काढतात तसं," मी म्हणाले.

"अगदी तसंच."

ओठात सुई दिली तेव्हा मामा हलले नाहीत. यंत्र घुरघुरलं, भोक पडलं, आणि अशी घाण सुटली की मी पदर नाकाला लावला. पण मामांचे खांदे तिथल्या तिथे खाली आले. ठणका गेला होता. मग डॉक्टरनं सुईसारखी बारीक, पण अंगाला खरबरीत अशी एक सळई दिव्याच्या ज्योतीवर धरून घेतली आणि ती नळीत फिरवून फिरवून आतलं काढलं. छोट्या आरशात मला दाखवलंही. एवढ्याशा दातात एवढा खोल अंधार असतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी लवंगेच्या वासाचा बोळा आत ठेवून त्यानं दात वरवर बंद केला.

"पुढच्या शनिवारी या. तोवर ह्या दातावर जोर नको. चावायचं नाही, चोखायचं नाही, फुंकायचं नाही."

मामा बधिर ओठानं म्हणाले, "शीळ?"

डॉक्टर हसला. "ह्या वयात कुणाला शीळ घालायची आहे, मामा?"

मामा खाली बघत दस्तीची घडी करत राहिले. "कुनाला न्हाई," ते म्हणाले.

लेकीकडे डबा पोचवून आम्ही मोटार धरली. परतीच्या वाटेवर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर थांब्याला विचारत, "किती वाजले?" आणि बाहेर हात काढून ऊन बघत. ठणका गेलेला माणूस झोपतो. हे खिडकीची दांडी धरून बसले होते.

दिवस मावळता मावळता पाथरीला उतरलो. मामा माझी वाटही न बघता पुढे गेले. चूळ भरायच्या औषधाची बाटली माझ्याच पिशवीत राहिली होती. ती द्यायला मी त्यांच्या मागच्या दारानं गोठ्यात गेले.

त्या गोठ्यात नेहमी बाजाराचे बैल असायचे. आज आले, उद्या गेले. कुठला कधी गेला हे मी कशाला बघते? रोज सकाळ-संध्याकाळ तिकडून शीळ ऐकू यायची, पण त्यात काही नवल नव्हतं. बैल पाण्यावर नेला की आमच्याकडे माणूस शीळ घालतोच. ती ऐकत बैल पोटभर पितो.

त्या संध्याकाळी गोठ्यात एकच बैल होता, अगदी आतल्या दावणीला. पांढरा, म्हातारा, पाठीची हाडं वर आलेली. दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलेलं. मामा त्याच्यासमोर बादली धरून उभे होते आणि ओठाचा चंबू करत होते. नुसती हवा निघत होती. फू, फू. बैल कान हलवायचा, मान पुढे करायचा, शीळ येत नाही म्हटल्यावर पुन्हा मागे सरायचा. बादलीचा काठ नाकाला लागला तर दचकायचा.

"सकाळपासनं पाणी न्हाई त्याला," मामा मागे न बघता म्हणाले. "सकाळी पन शीळ निघंना. ओठ सुजलेला."

"तहान लागली की पिईल."

"न्हाई पीत. आंधळा झाल्यावर एकदा आडाच्या काठावरनं पाय घसरला. तवापासनं पाण्याचा वास आला की मागं सरतो. शीळ आली तरच त्याला पटतं, की बादलीच हाय." मग म्हणाले, "दात काडला असता, तर कायमचीच गेली असती की शीळ."

मी बैलाचा जबडा हातानं उघडून पाहिला. एवढ्या वर्षांच्या शेजारानं मलाही ते येत होतं. दात झिजून हिरडीला टेकले होते.

"मामा, हा तर कधीच विकायला हवा होता. तुम्हीच सांगता."

"हळू बोला माय," ते म्हणाले. "हेड्याच्या दावणीला असला बैल हाय म्हनून कळलं, तर बाजारात तोंड दाखवायला जागा न्हाई." मग बादली खाली ठेवली. "पाखऱ्या ह्याचं नाव. सरूनं ठिवलं. तिच्या माहेरचा, राणीसावरगावचा. ती बादली धरायची आन म्या शीळ घालायचो. ती गेली. आता दोनी कामं मलाच करावी लागायलीत."

सरूमामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामांच्या तोंडून त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी मामांना फडक्याचा बोळा भिजवून बैलाच्या ओठांत पिळायला सांगितला, बाटली खुंटीवर ठेवली आणि घरी जाऊन भाकरी टाकल्या.

भाकरी टाकताना एक गोष्ट आठवत राहिली. माझं माहेर बोरीचं. लहानपणी भावासोबत मी गुरं पाण्यावर न्यायची. भावाच्या शिळेपेक्षा माझी लांब जायची. आठव्या-नवव्या वर्षी आईनं तोंडावर हात मारून ती बंद केली. बायकांनी शीळ घालायची नसते. ती पुन्हा घालण्याचं कारण पुढे कधी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून मागच्या दारानं गोठ्यात गेले. मामा आधीच तिथे होते, ओठ अजून तसाच. मी म्हणाले, "बादली धरा." त्यांनी काही न विचारता धरली. पहिल्यांदा माझ्याही तोंडून नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा निघाली. पाखऱ्याचे दोन्ही कान माझ्याकडे वळले. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला, मग मान खाली घातली आणि प्यायला लागला. मामांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण बादली हलू दिली नाही. ती रिकामी झाल्यावर मी दुसरी भरून आणली, तीही संपेपर्यंत शीळ घातली, आणि घरी येऊन उरलेली राखुंडी चाळायला घेतली.