शिंप्याच्या लेकीचा गुडघा

क्रीडाशिक्षिकेची चिठ्ठी आली होती: ‘मुलगी लंगडते. गुडघ्याला सूज असेल तर शनिवारचा अंतिम सामना खेळता येणार नाही.’

भिंगरीचे बाबा शिंपी. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि गळ्यातली टेप काढली. सूज म्हणजे शेवटी मापच, आणि मापात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“कुठला गुडघा?”

बारा वर्षांची भिंगरी व्हॉलीबॉल संघात सगळ्यांत उंच उडायची आणि महिनाभर डाव्या गुडघ्याचं दुखणं लपवत होती. तिने साळसूदपणे उजवा पाय पुढे केला. ठणठणीत गुडघ्याला सूज कुठून येणार?

बाबांनी आधी डावा मापला. “तेरा इंच.” मग उजवा. “चौदा!”

“असं कसं? परत मोजा ना, बाबा!”

परत चौदा. आई मशीन सोडून धावत आली. “अगंबाई, अख्खा इंच! आणि तू उभी काय राहिलीस?”

दुकान बंद झालं. बापाच्या खांद्याला लागलेली पोर पाठुंगळी बसली आणि तिचे पाय रस्त्याला घासू लागले.

“खाली सोडा हो, सगळे बघतायत!”

“बघू देत. पाय टेकवायचा नाही!”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मापलं. “दोन्ही तेरा.”

“शक्यच नाही! तीस वर्षं मापं घेतोय मी,” म्हणत बाबांनी उजवा गुडघा मापून दाखवला.

“टेपखाली ही दोन बोटं कशाला?”

“दुखऱ्या जागी काचायला नको म्हणून. गिऱ्हाइकाला आम्ही नेहमी...” बाबांनी बोटं काढून घेतली. टेप तेरावर आली.

“म्हणजे मी खेळणार!” भिंगरीने टेबलावरून उडी मारली आणि डावा गुडघा धरून मटकन खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी त्या गुडघ्याच्या वाटीखाली दाबलं. भिंगरी कळवळली.

“हाडं भराभर वाढतायत, मांडीचे स्नायू मागे पडलेत, ते इथे ओढतात. घाबरायचं कारण नाही. बर्फ लावा, मी दाखवते ते स्नायू ताणायचे व्यायाम करा आणि दुखणं उतरेपर्यंत उड्या बंद.”

“आणि शनिवारी?”

“पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर कदाचित खेळली असतीस.”

शनिवारी भिंगरी बाकावर बसली. आपल्यावाचून संघाचं कसं होणार, या काळजीने तिचा जीव खालीवर होत होता. संघाने सामना सरळ दोन डावांत खिशात घातला.

हे दुखणं मात्र तिने लपवलं नाही. दुकानाच्या दारातूनच तिने भोकाड पसरलं, “बाबा, त्या माझ्याशिवाय जिंकल्या!”